डब्यावर १२००, पोर्टमध्ये १००: काही महिने वापरल्यावरचा राउटरचा अनुभव

नेटचा प्लॅन १०० चा २०० एमबीपीएस करून घेतला आणि पीसीवर स्पीडटेस्ट काही ९४ च्या पुढे सरकेना, तेव्हापासून ह्या राउटरवर माझं डोकं फिरलंय. स्पेक्स थोडक्यात: एसी१२०० (म्हणजे वायफायचा वेग १२०० एमबीपीएस असा दावा), ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन वायफाय), चार अँटेना, बाकी लिहीत बसत नाही.

आमच्याकडे हॉलमध्ये फायबरवाल्याचा डबा (त्यांनी दिलेला राउटर), तिथून प्रिंटरला एक केबल आणि बेडरूममधल्या पीसीला एक, सगळं वायरवर आणि निवांत चालू होतं. बेडरूममध्ये वायफाय येत नाही म्हणून पीसीच्या केबलवर मधे हा राउटर टाकला आणि लॅपटॉपवरून प्रिंटर गायब. कारण हा आपला वेगळाच संसार मांडतो, हॉलमधला डबा १९२.१६८.१ चे आयपी, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते, वाटतो, हा १९२.१६८.० चे, मग ह्याच्या वायफायवरच्या लॅपटॉपला पलीकडचा प्रिंटर आपोआप सापडणार कसा? कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, "सर रिसेट करून बघा". परत फोन, परत रिसेट. शेवटी सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड सापडला, तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (स्वतःचं नेटवर्क न मांडता नुसतं वायफाय द्यायचं) केलं, आयपी वाटायचं काम हॉलवाल्याकडे गेलं आणि प्रिंटर हजर! त्या दिवशी साडेचार स्टार देणार होतो, खरंच.

मग प्लॅन वाढवला आणि ते ९४. ह्याचे सगळे पोर्ट १०/१००, म्हणजे वायरमधून १०० च्या वर जाणारच नाही, ९४ आले तरी नशीब समजा. मग १२०० कुठून आले? तर २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ चे ८६७, बेरीज ११६७, ती गोल करून १२००. अहो पण हवेत कितीही पळवा, नेट येतंय त्या १०० च्या भोकातूनच ना! पैसे वाचवायला स्वस्तातला घेतला आणि आता वर गिगाबिट स्विचचा खर्च, म्हणजे एका केबलच्या अनेक करणारा १००० एमबीपीएसचा डबा, पीसीला ह्या राउटरमधून जावं लागू नये म्हणून. बरं, स्विच लावला तरी पीसी १०० वरच. केबलच्या टोकाची क्लिप बघितली तर केबलवाल्याने आतल्या आठपैकी चारच वायरी क्रिंप केलेल्या (क्लिपमध्ये दाबून बसवलेल्या), १०० ला चार चालतात, गिगाबिटला आठही लागतात. दोन्ही टोकं नवीन मारून घेतली तेव्हा कुठे पीसीवर पूर्ण २०० दिसले.

वायफाय चांगलं आहे, हे कबूल, हँग होत नाही, आईचे व्हिडिओ कॉल अडकत नाहीत. पण ते अजूनही ९४ लाच. मोबाइलला तेवढं पुरतं म्हणे. पुरतं हो, पण डब्यावर १२०० छापलंय त्याचं काय?

घेणार असाल तर अँटेना मोजू नका, पोर्टपुढे १०/१००/१००० लिहिलंय का तेवढं बघा. माझे अडीच स्टार, त्यातला अर्धा प्रिंटर परत दिसला म्हणून.