तीन बऱ्हाटे, पोरगा एकच: शाळेतली सॉफ्टवेअरं जोडल्याचे आठ महिने

आमची शाळा यावल तालुक्यात. अभ्यास मूडलवर, ग्रंथालय कोहावर आणि मूळ नोंद आमच्या क्लार्क नानांच्या जनरल रजिस्टरात. मूडल, कोहा दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, परवान्याला पैसा नाही. पण दोघांची एकमेकांशी ओळखही नाही. पोरगं दाखल झालं की नाव तीन ठिकाणी टाका, दाखला घेऊन गेलं की तीन ठिकाणी काढा. म्हणून गेल्या जूनपासून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून वापरतोय. मधला साचा वनरोस्टर 1.1 चा, म्हणजे शाळेच्या याद्या एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला नमुना: शाळा, वर्ग, माणसं आणि कोण कुठल्या वर्गात, यांच्या वेगवेगळ्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फायली. स्वतःचा साचा काढायची खुमखुमी होती, आवरली ते बरं झालं.

पहिल्याच आठवड्यात नानांनी हाक मारली, "सर, हाऊ पोऱ्या दोनदा कसा काय?" नाना अमळनेरकडचे, गडबडीत अहिराणीवर येतात. पडद्यावर दोन्हीकडे 'बऱ्हाटे'च. शेवटी अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या नंबराने ओळखतो ते, छापून पाहिले. एकीकडे 'ऱ' हे एकच अक्षर, 0931. दुसरीकडे साधा 'र' 0930 आणि त्यामागे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) 093सी. पुढे ग्रंथालयाच्या यादीत तिसराच प्रकार निघाला: र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक 200डी. पहिले दोन पायथॉनच्या एनएफसी रूपांतराने (सुटे तुकडे जोडून एकच अक्षर करणाऱ्या) एक होतात. तिसरा होत नाही, त्याला नियम हातानेच लिहावा लागला. लेवा मंडळींच्या गावात हे आडनाव काही दुर्मीळ नाही!

तेव्हापासून नावावरून जुळवणं बंद. किल्ली म्हणजे जीआर नंबर, जनरल रजिस्टरातला. त्यातही स्प्रेडशीट 0412 चं 412 करते, म्हणून पुढे 'जीआर-' लावलं. अपारचा (प्रत्येक विद्यार्थ्याच्या सरकारी ओळखपत्राचा) 12 अंकी क्रमांक तर 'ई+11' असा आखडतो, आणि तशीच सीएसव्ही जतन केली की मागचे अंक गेलेच समजा. तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा.

साच्याबद्दल एक कुरकुर. मधल्या नावाला जागा आहे, तिथे वडील बसतात. आईच्या नावाला सरळ रकाना नाही. पालक वेगळी व्यक्ती म्हणून नोंदवून जोडायचे. आम्ही मेटाडेटाचा, म्हणजे स्वतःच्या जादा माहितीसाठी ठेवलेला, रकाना वापरला.

ऑक्टोबरमधली फजिती मात्र माझीच. फाईल तयार होताना लाईट गेली, अर्धीच उतरली. संपूर्ण यादी पाठवायची पद्धत असल्यामुळे फाईलीत नाही ते पोरगं शाळेत नाही, असं माझ्या प्रोग्रामने धरलं आणि चाचणीच्या सकाळी 7वी ब ची सगळी खाती बंद. पोरं खूश, मुख्याध्यापक नाहीत. आता फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते, पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव मिळतं, आणि एका वेळी 5 टक्क्यांहून जास्त पोरं गायब दिसली तर प्रोग्राम थांबून मला विचारतो.

कोड खुला ठेवलाय, प्रोग्राम तपासायच्या नमुना फायलीत सगळी बनावट नावं. (पहिल्यांदा खरी यादीच चढवत होतो, नानांनी अडवलं.) रोजच्या कामाला समाधानी आहे. दाखल-खारीज एकदाच होतं, रात्रीतून दोन्हीकडे पोचतं.

शेजारच्या गावच्या शाळेनेही मागितलाय. पण त्यांचंही रजिस्टर 1 पासूनच सुरू होतं, म्हणजे त्यांचा 412 आणि आमचा 412 भांडणार. त्याआधी किल्लीपुढे यूडायसचे (शाळेच्या सरकारी क्रमांकाचे) 11 अंक लावायला हवेत, मे महिन्याच्या सुट्टीत बसतो.