साताऱ्यातील रविवारचे प्रयोगवर्ग: शिकवणे उत्तम, प्रतिभेचा अहवाल अनावश्यक

साताऱ्यात शाहूपुरीमध्ये एका घराच्या तळमजल्यावर पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी रविवारी सकाळी प्रयोगवर्ग चालतात. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या किंवा शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी वर्ग शोधणाऱ्या पालकांनी आधीच जाणून घ्यावे, की येथे प्रश्नसंच सोडवून घेतले जात नाहीत. माझी मुलगी या वर्गाला जाते आणि पालकांना मागे बसून पाहण्याची मुभा असल्यामुळे मी हे पाहून लिहीत आहे.

लंबकाचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटला. दोरा, नटबोल्ट आणि घड्याळ एवढ्याच साहित्यावर, लंबकाचे एक आंदोलन किती वेळात पूर्ण होते आणि तो वेळ कशावर अवलंबून असतो हे मुलांनी शोधायचे असते. जवळजवळ प्रत्येक गट सुरुवातीला वजन वाढवतो, त्याच वेळी दोराही लांब करतो आणि फरक दिसला की त्याचे श्रेय वजनाला देऊन मोकळा होतो. बार्बेल इनहेल्डर आणि ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग मुलांच्या विचारांचा अभ्यास करण्यासाठी वापरला होता आणि घटक वेगळे काढण्याची क्षमता साधारण अकराव्या-बाराव्या वर्षानंतर येते, असे त्यांचे मत होते. पुढे १९९९ मध्ये चेन आणि क्लार या संशोधकांनी दाखवून दिले, की एका वेळी एकच घटक बदलण्याची रीत स्पष्टपणे समजावून दिली तर याहून लहान मुलेही ती शिकू शकतात. या वर्गातील सर नेमके तेच करतात. मुलांना थोडा वेळ चाचपडू देतात आणि मग 'वजन बदलायचे असेल तर दोरा तेवढाच ठेवा' असे सरळ सांगतात. त्यानंतर एक मीटरच्या दोऱ्याला सुमारे दोन सेकंद आणि पंचवीस सेंटीमीटरच्या दोऱ्याला सुमारे एक सेकंद लागतो, हे मुले स्वतः मोजून काढतात. मुलांना सारे आपोआप सुचले पाहिजे, असा हट्ट येथे नाही, आणि मला हे योग्य वाटते.

दुसरा उल्लेखनीय खेळ संख्यांचा आहे. २, ४, ६ या संख्या एका गुप्त नियमात बसतात. मुलांनी आपल्या मनातील त्रिकुटे सांगून तो नियम ओळखायचा असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. नियम केवळ 'चढत्या क्रमाने' एवढाच असतो, परंतु मुले ८, १०, १२ आणि २०, २२, २४ अशी आपला अंदाज खरा ठरवणारीच त्रिकुटे देत राहतात. (मोठी माणसेही हेच करतात, मागे बसलेले आम्ही पालकही त्याला अपवाद नव्हतो.) 'तुझा अंदाज चुकीचा असेल तर कोणते त्रिकूट ते उघड करील?' हा सरांचा प्रश्न आता माझी मुलगी घरीही विचारते, आणि या वर्गाची खरी कमाई मी हीच मानतो.

आक्षेप एकच, पण गंभीर आहे. सत्र संपताना प्रत्येक मुलाला 'वैज्ञानिक प्रतिभा अहवाल' दिला जातो व त्यात गुणांनुसार श्रेणी असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे दीड हजारांहून अधिक मुले प्रतिभावान म्हणून अभ्यासासाठी निवडली. त्या चाचणीत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे निवडले गेले नाहीत. पुढे त्यांना अनुक्रमे १९५६ आणि १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अकराव्या वर्षी 'क' श्रेणी हाती पडलेल्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी त्या कागदाचा काय अर्थ लावायचा? श्रेणीऐवजी मुलाने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले आणि स्वतःचा कोणता अंदाज स्वतःच खोडून काढला, याची नोंद शिक्षकांनी द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शुल्क महिन्याला आठशे रुपये आहे आणि साहित्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. जागा लहान असल्यामुळे एका गटात मुले मोजकीच घेतात. म्हणून जूनच्या आरंभीच नाव नोंदवावे.