हिवतापाची नोंद पोर्टलवर: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

रामटेकच्या पुढे, पेंचच्या जंगलाकडच्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेवक आहे. गेल्या पावसाळ्यापासून हिवतापाच्या नोंदी रजिस्टरसोबत सरकारी पोर्टलवरही भरतोय. काम दुप्पट झालं, रेंज गेली की अर्धा भरलेला फॉर्म उडतो, तरी आता कुणी ते बंद करतो म्हटलं तर मी भांडेन.

कारण एकच, वेळ. पूर्वी आशाताईंनी घेतलेली रक्ताच्या थेंबाची काचपट्टी आरोग्य केंद्रात जायची, तपासली जायची आणि निकालाचा कागद फिरत फिरत यायचा. रुग्ण नागपूरच्या एखाद्या दवाखान्यात सापडला तर विचारूच नका. आता टेक्निशियनने निकाल भरला की नाव, गाव आणि हिवतापाचा प्रकार, पीव्ही (व्हायवॅक्स) की पीएफ (फाल्सिपेरम), सगळं मोबाइलवर दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आजूबाजूच्या घरांत तापाचे रुग्ण शोधायला हजर. चीनने 1 दिवसात नोंद, 3 दिवसांत चौकशी, 7 दिवसांत उपाय असा नियम पाळला आणि 2021 मध्ये तो देश मलेरियामुक्त ठरला. आपलं उद्दिष्ट 2030 चं आहे. कागदावर हे जमणं शक्यच नव्हतं.

खरी गोची पत्त्यात आहे. डास चावल्यापासून ताप यायला साधारण 10 ते 15 दिवस जातात. दिवाळीनंतर गडचिरोली, छत्तीसगडकडून वीटभट्टीवर आलेला मजूर इथे तापाने फणफणतो, पण जंतू तिकडूनच घेऊन आलेला असतो. फॉर्ममध्ये ‘लागण कुठे झाली’ असा रकाना आहे. घाईत तिथेही भट्टीचाच पत्ता पडतो. मग नकाशावर लाल ठिपका इथे उमटतो, इथल्या टाक्या नि कूलर तपासले जातात आणि त्याच्या गावाला पत्ताच नसतो. म्हणून मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, “भाऊ, पंधरा-वीस दिवसांआधी झोपायला कुठे होता?” राहता कुठे, हे नंतर.

गावाला लागणाऱ्या लाल रंगाचंही तसंच, तो एपीआयवरून ठरतो. एपीआय म्हणजे वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे किती रुग्ण. पाचशे वस्तीच्या गावात एक रुग्ण निघाला की एपीआय थेट 2. बैठकीत साहेब विचारतात, “हे गाव एवढं वाढलं कसं?” वाढलं काहीच नाही बाप्पा, भागाकार तसा आहे.

सगळ्यात जास्त खटकतं ते पीव्हीचं. त्याचे जंतू यकृतात दडून बसतात. क्लोरोक्विन 3 दिवसांत संपतं, ताप उतरतो, आणि यकृतातल्या जंतूंसाठीच्या प्रायमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्या लोक मध्येच सोडतात. काही महिन्यांनी ताप परत येतो. आधी ‘सुमन’ लिहिलेली बाई या वेळी ‘सुमनबाई’ म्हणून भरली की पोर्टलला वाटतं नवा रुग्ण. आपण गावात डास शोधत फिरतो आणि दोष असतो अर्धवट राहिलेल्या गोळ्यांचा. रजिस्टरमध्ये मागची पानं चाळली की हे माझ्या लगेच लक्षात येतं, म्हणून ते अजून टाकलेलं नाही.

पुढच्या अपडेटमध्ये मोबाइल नंबर टाकताच जुनी नोंद समोर यावी, आणि चौदाव्या दिवसापर्यंत रोज गोळी घेतल्याची खूण आशाताईंना रेंज नसतानाही करता यावी. त्यांच्या नेटपॅकचे पैसे वेळेवर मिळाले तर आणखी बरं.