एम-२० चा मॅग्नेटो: भरून घ्यावा की इलेक्ट्रॉनिक बसवावं?

गरम झाल्यावर बीएसएची जुनी मोटरसायकल एम-२० किक घेत नाही म्हणून मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय प्लगची ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवायच्या विचारात असाल, तर आधी एक करून बघा. खंबाटकीचा घाट चढून चहाला थांबलात आणि गाडी उठेना, की तिथल्या तिथे प्लगची कॅप एका जादा प्लगला लावा, तो हेडच्या फिन्सना टेकवा (इंजिनमधला प्लग काढू नका, भोकातून पेट्रोलची वाफ येते) आणि किक मारून करंट, म्हणजे ठिणगी, बघा. ठिणगी निळी आणि जोरकस असेल तर बहुधा मॅग्नेटोचा दोष नाही, कार्ब्युरेटर तापला असण्याची शक्यता जास्त. पिवळट, बारीक असेल किंवा येतच नसेल, आणि अर्ध्या तासाने गार झाल्यावर परत येत असेल, तरच पुढचा हिशोब मांडण्यात अर्थ आहे.

बीएसएच्या या साइडव्हॉल्व्हवर लुकासचा मॅग्डायनो असतो: खाली मॅग्नेटो, वर डायनामो. मॅग्नेटोच्या आर्मेचरमध्ये (फिरत्या भागात) प्रायमरी आणि सेकंडरी ही दोन वाइंडिंग आणि कंडेन्सर हे तिघेही एकत्र फिरतात. जुन्या कंडेन्सरचं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन सत्तर-ऐंशी वर्षांत थकलेलं असतं, तापलं की त्यातून वीज गळायला लागते. त्यात मॅग्नेटो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. किक मारताना त्याचा वेग इतका कमी असतो की थोडीशी गळतीही ठिणगी खाऊन टाकते. चालत्या गाडीत मात्र तोच मॅग्नेटो तक्रार करत नाही, म्हणून दोष पुष्कळ दिवस लपून राहतो.

कंडेन्सर गेला की वाइंडिंग, हे बऱ्यापैकी कळतं. अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटचं (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचं) झाकण काढा. पॉइंटमध्ये जाड, सततची ठिणगी दिसली आणि पॉइंट काळे पडून खड्डे पडत असतील तर संशय कंडेन्सरवर. पॉइंट स्वच्छ आहेत आणि प्लगला मात्र गरम झाल्यावर करंट नाही, तर बहुधा सेकंडरी.

मॅग्नेटो भरून घ्यायचा, म्हणजे आतलं वाइंडिंग नवीन करून घ्यायचं ठरलं, तर अर्धवट काम करून घेऊ नका. मॅग्नेटोला नावं ठेवली जातात ती पुष्कळदा अशाच कामामुळे. नवीन वाइंडिंगवर जुनाच कंडेन्सर ठेवला तर पुढच्या उन्हाळ्यात परत खोलावं लागतं. कंडेन्सर ०.१५ ते ०.२ मायक्रोफॅरडच्या दरम्यानचा, नव्या धाटणीचा आणि उष्णता सोसणारा हवा. बेअरिंगच्या बाहेरच्या रेसखाली इन्सुलेशनचा कागदी वायसर असतो, तो फाटलेला असेल तर बदलायला सांगा. नाहीतर करंट अर्थ ब्रशऐवजी बेअरिंगमधून परतीची वाट धरतो आणि बेअरिंगच्या गोळ्या चरतात. आर्मेचर बाहेर आलंच आहे तर चुंबकही भरून (परत चुंबकत्व देऊन) घ्या. आणि काम हातात घेताना एकच विचारा: गरम करून तपासलं का? बेंचवर गार असताना ठिणगी सगळेच देतात.

स्वतः खोलणार असाल तर एक लक्षात ठेवा. आर्मेचर ओढण्याआधी पिकअप (प्लगची वायर जोडलेला ब्रशचा धारक), अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू हे तिन्ही काढलेच पाहिजेत. यातलं एक जरी राहिलं तरी स्लिप रिंगची (जिच्यावर पिकअपचा ब्रश घासतो तिची) कड टचकन तुटते, आणि ती रिंग बदलायची म्हणजे आर्मेचर पूर्ण खोलणं आलं. एरवीच्या देखभालीला स्लिप रिंग बाहेर काढायची गरज नाही. पिकअप काढा, पेन्सिलीच्या बोथट टोकाला पेट्रोलात भिजवलेली मऊ चिंधी गुंडाळून भोकातून रिंगच्या खाचेत टेकवा आणि दुसऱ्याला सावकाश किक दाबायला सांगा. चिंधी काळी निघते, ती कार्बन ब्रशची पूड. दमट हवेत हीच पूड करंट पळवते. पावसाळाभर कोकणात झाकून ठेवलेली गाडी ऑक्टोबरात उठत नसेल, तर पॉइंट पेट्रोलात भिजवलेल्या कागदाने पुसणं आणि हे चिंधीचं काम, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

आता इलेक्ट्रॉनिक. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. किकच्या वेगालाही पूर्ण ताकदीची ठिणगी, झिजणारे पॉइंट नाहीत, ॲडव्हान्स (वेगाप्रमाणे ठिणगी लवकर पाडणं) आपोआप होतो, म्हणजे हँडलवरच्या लिव्हरकडे लक्ष नको. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी उठण्याचं सुख खरंच आहे, ते नाकारत नाही. मात्र मॅग्डायनोत मॅग्नेटो काढून टाकता येत नाही. डायनामो फिरतो तो आर्मेचरच्या शाफ्टवरच्या फायबर गिअरवर, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक बॉक्स बसवला तरी आत आर्मेचर किंवा डमी शाफ्ट ठेवावाच लागतो. बेअरिंग आणि फायबर गिअर यांची देखभाल काही चुकत नाही.

माझं मत फिरवलं ते बॅटरीने. ६ व्होल्टवर आखूड डायनामो ४० वॅटच्या आसपास देतो, म्हणजे जेमतेम साडेसहा अँपिअर, आणि तेही गाडी वेगात असताना. ३० वॅटचा हेडलाइट पाच अँपिअर खातो, मागचा दिवा अर्धा ते एक, आणि किट अधिक कॉइल मिळून दोन-तीन. बेरीज साडेसात ते नऊवर जाते. रात्री गावातून सिग्नलला थांबत आलात की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. मॅग्नेटोच्या गाडीत बॅटरी बसली तर दिवा मंद होतो, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, आणि गाडी घरी येते. इलेक्ट्रॉनिकमध्ये व्होल्टेज पडलं की जुन्या धाटणीच्या बॉक्सचं टायमिंगच बिघडू शकतं. किक मारायला जावं तर गाडी उलटी मारते, घोट्याला बसते. आणि ज्या गाड्या महिन्यातून एकदा-दोनदा बाहेर निघतात, पावसात चार महिने झाकलेल्या असतात, त्यांची छोटी लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरत राहते. चार्जर लावून ठेवणारे शिस्तीचे लोक असतात. पण ज्या गाडीला मुळात बॅटरीची गरज नव्हती तिला ती गरज लावून द्यावी का, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

यावर उपाय नाही असं नाही. डायनामोला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून १२ व्होल्ट करता येतं आणि हेडलाइट एलईडीचा केला की भार एकदम हलका होतो. मग वरची बेरीज बदलते. मात्र चार्जिंग सुरू व्हायला डायनामोला आधीपेक्षा जास्त वेग लागतो, आणि वायरिंग जवळजवळ नवीनच ओढावं लागतं. जोडण्याआधी गाडीला धन अर्थ आहे की ऋण (बॅटरीचं कुठलं टोक फ्रेमला जोडलंय), ते बॅटरीच्या केबलवरून स्वतः बघा. पूर्वीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते पुस्तकात नसतं, आणि उलटी जोडणी केली की बॉक्स गेलाच. वेल्डिंगचं काम निघालं तर आधी बॉक्स सोडवून ठेवा.

जुळ्या सिलिंडरवाल्यांनी मात्र माझं एवढं ऐकू नये. ट्रायम्फ किंवा बीएसए ए-१० वरच्या लुकास के२एफ मॅग्नेटोमध्ये कॅम रिंग (पॉइंट उघडणारी कडी) किंचित तिरकी बसली तरी दोन्ही सिलिंडरचं टायमिंग काही अंशांनी वेगळं पडतं आणि इंजिन हळू चालताना अडखळतं. ती रिंग घासून जुळवणारा जाणकार हाताशी नसेल तर इलेक्ट्रॉनिकमध्ये तो त्रास संपतो. बीटीएचसारखा स्वतःच वीज तयार करणारा इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो घेतला तर बॅटरीचं लचांडही नाही. महाग पडतो, पण जुळ्यासाठी मला तो पटतो.

एकेरी एम-२० साठी, गाडीत बाकी काही बदलायचं नसेल तर नीट भरलेला मॅग्नेटोच मला बरा वाटतो. तो बसवताना आधी पॉइंटची गॅप ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी करून घ्या, कारण गॅप हलली की टायमिंग हलतं. लिव्हर फुल ॲडव्हान्सला, पिस्टन कॉम्प्रेशनवर टॉपच्या ७/१६ इंच (साधारण ११ मिमी) खाली. त्या जागी पिस्टन थोडा मागून पुढच्या दिशेने आणा, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघून जाते. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरा, तो सुटतो त्या क्षणी पॉइंट उघडले. मॅग्नेटो फिरवणारा पिनियन निमुळत्या (टेपर) शाफ्टवर असल्याने नट आवळताना थोडा फिरतो, तेव्हा आवळून झाल्यावर परत एकदा कागद लावून बघायचाच. प्लगची गॅप ०.४५ ते ०.५० मिमी, प्लग आणि कॅप दोन्ही रेझिस्टर नसलेले. आणि इतकं करूनही करंट येत नसेल तर काही खोलण्याआधी इंजिन बंद करायची कटआउटची वायर मॅग्नेटोवरून सोडून किक मारा. टाकीखाली सोलवटून फ्रेमला टेकलेली ती वायर मॅग्नेटो गेल्याचं सोंग हुबेहूब वठवते.