खात्यात ‘जमा’ दिसलेला चेक वटलेला नव्हता

बाबांचा जुना फिल्म कॅमेरा मी ऑनलाइन लिलावात विकायला ठेवला होता. त्या एका व्यवहारात कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळजवळ दीडपट रक्कम माझ्या खात्यातून गेली. ती परत मिळणार नाही, हे बँकेने मला लेखी कळवलं आहे. घरातल्या वस्तू अधूनमधून लिलावात विकणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. ज्या वाक्याने मला गळाला लावलं, ते त्यांच्याही कानाला गोड लागेल, म्हणून हे सगळं तपशीलवार लिहिते आहे.

वाक्य असं होतं: “इलेक्ट्रॉनिक पेमेंट केलं तर तुमचेच पैसे कापले जातात. त्यापेक्षा मी बँकेचा चेक पाठवतो, तुम्हाला रक्कम पूर्ण मिळेल.”

शुल्काबद्दल त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते लागू पडलं. लिलावाची साइट तिचं कमिशन घेते, ते वेगळं. त्यावर पेमेंट कंपनी टक्केवारीने शुल्क कापते, शिवाय प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक छोटी रक्कम. टक्केवारी वस्तूच्या किमतीवरच लागते असंही नाही, ग्राहकाने भरलेला पाठवणीचा खर्च धरून एकूण रकमेवर लागते. ग्राहक परदेशातला असेल तर जादा शुल्क, चलन बदललं तर त्यातही कपात. बऱ्याच साइट हा भार ग्राहकावर टाकू देत नाहीत. पेपालसारख्या कंपन्या तर आता पैसे परत केले तरी आधी कापलेलं शुल्क विक्रेत्याला परत देत नाहीत. त्याआधीच्या महिन्यात माझ्या दोन छोट्या वस्तूंचा नफा असाच शुल्कात गेला होता आणि तो सल मनात होता. समोरच्याने नेमकी तीच दुखरी जागा धरली.

त्याची बोली सगळ्यात मोठी ठरली. आपण दुसऱ्या देशात असतो, कॅमेरा आपला माणूस येऊन घेऊन जाईल, असं त्याने कळवलं. मजकूर अत्यंत सभ्य होता. आठवडाभराने चेक आला, तो मात्र आमच्याच देशातल्या एका मोठ्या बँकेच्या नावाचा. रक्कम बोलीच्या अडीचपट! मी लगेच विचारलं. उत्तर आलं, “ऑफिसने चुकून वाहतुकीचे पैसेही त्यातच घातले. तुम्ही चेक भरा, तुमचे पैसे ठेवा आणि उरलेले माझ्या वाहतूकदाराला पाठवा. तसदीबद्दल थोडे जास्तही ठेवून घ्या.”

मी अगदीच बेसावध होते असं नाही. चेकवर बँकेचा फोन नंबर छापलेला होता, त्यावर फोन केला. एका बाईंनी चेक नंबर विचारला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हो, आमच्याच शाखेने काढलेला आहे.” तो नंबर बँकेचा नव्हताच. खोटा चेक छापणाऱ्याने नंबरही स्वतःचाच छापला होता. बँकेचा नंबर बँकेच्या अधिकृत साइटवरून शोधायचा, हातातल्या कागदावरून कधीही नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सोमवारी चेक भरला. बुधवारी सकाळी खात्यात रक्कम दिसली आणि खाली ‘उपलब्ध शिल्लक’ही वाढलेली. त्याच दिवशी त्याचे तीन मेसेज आले: वाहतूकदाराची गाडी उद्या निघते आहे, पैसे आजच पोचले नाहीत तर सगळं पुन्हा ठरवावं लागेल. मी बँकेत फोन करून विचारलं, “माझा चेक जमा झाला का?” पलीकडून उत्तर आलं, “हो, जमा झालाय.” मी जादा रक्कम, त्याने सांगितलं तसं, दिलेल्या नावावर मनी ट्रान्सफरने पाठवून दिली.

माझा प्रश्नच चुकला होता. ‘जमा झाला’ आणि ‘वटला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण चेक भरतो तेव्हा आपली बँक ती रक्कम तात्पुरती आपल्या खात्यात दाखवते आणि पुष्कळदा काढूही देते. चेक ज्या बँकेचा आहे तिने तो तपासून पैसे देणं ही पुढची पायरी. तिने नाकारला तर आपली बँक ती रक्कम आपल्याच खात्यातून वसूल करते. अमेरिकेत तर १९८७ च्या कायद्यानेच बँकांना ठरावीक मुदतीत पैसे काढू द्यावे लागतात, आणि बँकेने स्वतः काढलेल्या चेकचे पैसे बऱ्याचदा पुढच्याच कामकाजाच्या दिवशी. बँकांनी लोकांचे पैसे उगाच अडकवून ठेवू नयेत, हा त्यामागचा चांगला हेतू. पण नेमकी ही मधली फटच ठगांना पुरते. तिथली फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकांच्या संरक्षणाची सरकारी संस्था लोकांना सतत बजावते की पैसे हातात आले म्हणजे चेक खरा ठरला असं नाही, खोटेपणा उघड व्हायला कित्येक आठवडेही जातात.

माझ्या बाबतीत अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी खातं उघडलं तर शिल्लक उणे दिसत होती. चेकची पूर्ण रक्कम वजा, वर चेक परत आल्याचं शुल्क. मी पाठवलेले पैसे केव्हाच कुणीतरी काढून नेले होते. असे पाठवलेले पैसे एकदा उचलले गेले की मागे बोलावता येत नाहीत, म्हणूनच ठग ते त्याच मार्गाने मागतात.

बँकेतल्या एका अनुभवी अधिकारी बाईंनी मला त्या चेकची प्रत समोर ठेवून दाखवली. तळाशी जी आकड्यांची पट्टी असते, ती खऱ्या चेकवर चुंबकीय शाईने छापलेली असते आणि मंद दिसते. मूळ कागद मी हातात धरला होता तेव्हा ती पट्टी उजेडात चकाकत होती, हे मला लख्ख आठवतं. मला वाटलं होतं, नवाकोरा आहे म्हणून. दुसरं त्यांनी बोट ठेवून दाखवलं: पट्टीतला बँकेचा कोड वर छापलेल्या बँकेचा नव्हताच. असं मुद्दाम केलं जातं, म्हणाल्या. चेक आधी भलत्याच बँकेकडे जातो, तिथून परत फिरतो, आणि त्यात ठगाला आणखी दिवस मिळतात. मग त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही आम्हाला ‘जमा झाला का’ विचारलंत. ‘समोरच्या बँकेने पैसे दिले का, आता हा चेक परत येऊ शकतो का’ असं विचारायला हवं होतं.” हे वाक्य मी तिथेच पावतीच्या मागे लिहून घेतलं. फोनवरच्या माणसाने ते स्वतःहून का सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे.

ईबे या लिलावाच्या मोठ्या साइटने २००८ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत बहुतेक वस्तूंसाठी कागदी चेक आणि मनीऑर्डर बंद केल्या. तेव्हा तिथल्या अनेक विक्रेत्यांना वाटलं, ही शुल्क उकळण्याची सोय आहे. मीही तसंच म्हटलं असतं. आज म्हणणार नाही.

इलेक्ट्रॉनिक पेमेंट म्हणजे निर्धास्त, असंही मात्र समजू नका. ‘पैसे आले’ असा हुबेहूब ईमेल येतो आणि खात्यात काहीच नसतं. ईमेलमधल्या लिंकवर न जाता स्वतः खातं उघडून बघा. कार्डाने भरलेले पैसे ग्राहक तक्रार करून मागे घेऊ शकतो. पेपालमध्ये पेमेंटपासून १८० दिवसांपर्यंत वाद उभा करता येतो. वस्तू पोचल्याचा कुरिअरचा पुरावा आपल्याकडे असेल तरच बाजू टिकते, आणि ‘माझा माणूस येऊन घेऊन जाईल’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत तो पुरावा कधीच तयार होत नाही. कुणी बोलीपेक्षा जास्त पैसे पाठवले, चेकने असो वा कार्डाने, तर जादा रक्कम परत करायच्या फंदात पडूच नका. चेक न भरता तसाच परत पाठवा, कार्डाचं पेमेंट आलं त्याच मार्गाने पूर्ण परत करा, आणि व्यवहार रद्द करा.

पोलिसांत तक्रार दिली, साइटलाही कळवलं. साइटने त्याचं खातं बंद केलं. बँकेची उणे रक्कम मी हप्त्यांनी फेडली, शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात गेला.

कॅमेरा न्यायला कुणीच आलं नाही. त्याला तो नकोच होता. कातडी केसमध्ये, बाबांनी पट्ट्याला मारलेल्या गाठीसकट, तो अजून माझ्या कपाटात आहे. परवा पुन्हा लिलावात ठेवला तर दुसऱ्याच दिवशी एकाने विचारलं, “चेक चालेल का? तुमचं शुल्क वाचेल.” मी ‘नाही’ लिहिलं आणि तो मेसेज तसाच साइटकडे तक्रारीत पाठवून दिला.