लिव्हर ट्रान्सप्लांट फॉलोअप ओपीडी: ह्यांच्या गोळ्या कमी केल्या तेव्हाचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, कारण एक तक्रार पण आहे.

ह्यांचं ट्रान्सप्लांट होऊन चार वर्षं झाली, लिव्हरचा तुकडा माझाच. तेव्हापासून सकाळी नऊ, रात्री नऊ टॅक्रोलिमसचा (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) अलार्म. एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल, पण गोळ्यांमुळे हात इतका थरथरायचा की चहाची बशी वाजायची, त्यात क्रिएटिनिन (किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा) ०.९ वरून १.५ वर गेलं. ह्यांचं आपलं एकच, लिव्हर घरातलंच आहे ना, मग बंद करून टाकू गोळ्या.

डॉक्टर चिडले नाहीत, बाहेर एवढी गर्दी असून नीट बसवून सांगितलं. म्हणाले, किडनीच्या मानाने लिव्हर नव्या शरीरात लवकर रुळतं हे खरं, काही निवडक पेशंटच्या गोळ्या पूर्ण सुटल्यात पण, पण त्या ट्रायलमध्ये, बायोप्सी वगैरे करून, आणि बऱ्याच जणांना रिजेक्शन (शरीर नवं लिव्हर नाकारतं ते) आल्यामुळे परत चालू कराव्या लागल्या. बायकोचं असलं तरी शरीराच्या लेखी ते परकंच (हे ऐकून ह्यांनी माझ्याकडे बघितलं!). रिजेक्शन सुरू झालं तरी आधी काही जाणवतच नाही, कावीळ दिसायच्या आधी एसजीपीटी (एलएफटीमधलाच एक आकडा) चढतं. आणि डोस आहे तसाच ठेवला तर किडनीवर ताण.

मग २-२ मिलिग्रॅमवरून आधी १.५-१.५ केलं, जोडीला मायकोफेनोलेट (रिजेक्शन टाळायचीच दुसरी गोळी), दोन आठवड्यांनी टॅक्रो लेव्हल (रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण) आणि एलएफटी, ते बघूनच पुढे. असं करत आठ महिन्यांनी १-१ वर आलो. क्रिएटिनिन १.२. थरथर थोडी आहे, पण बशी वाजत नाही.

एक स्टार कापला तो ब्लड कलेक्शनसाठी. टॅक्रो लेव्हलचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. काउंटरवर कोणी विचारलंच नाही, हे गोळी घेऊन गेले आणि लेव्हल आली १४! शनिवार होता, फोन कोणी उचलेना, रात्रभर झोप नाही. सोमवारी परत रक्त दिलं तर ५.८. तेव्हापासून सकाळची गोळी शर्टच्या खिशात, सुई निघाली की लगेच तोंडात. मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची टॅक्रो द्यायला लागला तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि जाल तेव्हा कोऑर्डिनेटर ताईंचा मोबाईल नंबर मागून घ्या, रिसेप्शनच्या भरवशावर राहू नका.