डॉग ट्रेनिंग किट: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

क्लिकर (दाबलं की 'टक' वाजणारी छोटी डबी), कमरेला अडकवायची पिशवी आणि शंभर ग्रॅमचं चिकन ट्रीटचं पाकीट असा हा संच आहे. आमची कुत्री हरणी, कारवानी या सडपातळ शिकारी जातीची. तिला शिकवायचं होतं ते एवढंच, की "लाज बघू" म्हटलं की तिनं पंजा नाकावर घ्यायचा. हट्ट पुतणीचा, पण जीव माझाही अडकला होता.

आधी ट्रीटबद्दल. पाकिटावर ठळक अक्षरात 'ट्रेनिंग' छापलंय आणि आत एकेक तुकडा बोटाच्या पेराएवढा, खारकेसारखा कडक. हरणी तो तोंडात धरून थेट कॉटखाली जाते, दोन पंजांत पकडून निवांत कुरतडत बसते. ती बाहेर येईपर्यंत आपण कशाचं बक्षीस दिलं ते तिच्या डोक्यातून गेलेलं असतं. शिकवताना पाच मिनिटांत दहा-पंधरा वेळा खाऊ द्यावा लागतो. तो शेंगदाण्याच्या पाकळीएवढा हवा, मऊ हवा, जिभेवर पडला की गिळून पुन्हा तोंडाकडं बघायला मोकळी. हातानं मोडायला गेलं तर निम्म्याचा चुरा होतो. शेवटी आईचा सुपारीचा अडकित्ता धुऊन घेतला आणि रोज रात्री तुकडे करत बसले. किलोला दोन हजारांच्या भावानं विकलेला खाऊ अडकित्त्यानं कातरायचा, हे मला आजही पटत नाही.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की पाकीट फोडलेलं असल्यामुळं परत घेता येणार नाही. अहो, फोडल्याशिवाय आतला माल कडक आहे हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? दोन-तीनदा विचारलं, दर वेळी तेच वाक्य.

क्लिकरला मात्र मी सुरुवातीला एकच स्टार दिला होता, तो आता बदलून पाच करतेय. त्याचा 'टक' आवाज फार टोकदार आहे. पहिल्यांदा वाजवला तेव्हा हरणी शेपूट घालून न्हाणीघरात जाऊन उभी राहिली. कारवानी मुळातच बुजरी, तिच्यावर आवाज चढवून काही शिकवता येत नाही. मग क्लिकर जुन्या मोज्यात गुंडाळून खिशात दाबायला लागले. टक झालं की लगेच खाऊ, बाकी काही करायला सांगायचं नाही. थोड्याच दिवसांत आवाज आला की ती कान टवकारून धावत यायला लागली.

क्लिकरचं खरं मोल नंतर कळलं. पंजा नाकाला लागतो तो क्षणभर. खिशातून खाऊ काढेपर्यंत पंजा खाली आलेला असतो, म्हणजे बक्षीस पंजा खाली ठेवल्याचं मिळतं. टक आवाज नेमका तो क्षण पकडतो, खाऊ मागून आला तरी चालतो. डॉल्फिनना शिकवणारे शिट्टी वापरतात ती याचसाठी. कुत्र्यांसाठी ही पद्धत अमेरिकेत केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्यानं 1940 च्या दशकातच वापरून पाहिली होती.

लाजणं असं शिकवलं. रंगकाम करणारे लावतात ती कागदी चिकटपट्टी, तिचा नखाएवढा तुकडा आधी आपल्या कपड्यावर दाबून चिकटपणा कमी करायचा आणि नाकाच्या वरच्या बाजूला अलगद ठेवायचा. कुत्रं तो काढायला पंजा वर नेतं. टक, खाऊ. पट्टी हळूहळू लहान करत न्यायची, मग नुसतं बोट टेकवायचं, आणि पंजा आपोआप वर यायला लागला की मगच "लाज बघू" हे शब्द जोडायचे. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, दुपारी ती फरशीला पोट लावून पडते, खाऊकडं बघतही नाही. त्यामुळं शिकवणी सकाळी ऊन चढायच्या आत, तीही कंटाळायच्या आधी थांबवायची. जूनमध्ये तिनं पट्टीशिवाय पहिल्यांदा पंजा नाकावर घेतला आणि तो तसाच ठेवून एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी ओरडलेच, पुतणी स्वयंपाकघरातून पळत आली.

तोवर पाकीट संपलं होतं. तेव्हापासून बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक चिरून, थोडी कलेजी, आणि चिकन नसेल त्या दिवशी मऊ ज्वारीच्या भाकरीचे कण. सोलापूरच्या घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाताशी असते म्हणून सांगते, चटणी अजिबात देऊ नका. त्यात लसूण असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मनुके आणि चॉकलेटही नको. खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शात बसवायचा, तेवढी जेवणातली भाकरी कमी करायची.

पिशवी चांगली आहे. चिकनचा वास धुतल्यावर जातो, आणि चुंबकाचं झाकण एका हातानं उघडतं.

संच घेऊ नका. क्लिकर सुटा मिळतो, स्वस्त असतो, तो घ्या. पुतणीला आता हरणीनं दोन पायांवर बसून नमस्कार करायला हवाय. पण कारवानीला साधं बसणंच अवघड जातं, पाय लांब आणि ढुंगणाला मांस नाही. म्हणून ते नाही, स्वतःभोवती गिरकी घ्यायला शिकवतोय. डावीकडची जमली, उजवीकडं अजून अर्ध्यात थांबते.